कीबोर्ड घेण्याआधी 'ड' कुठे आहे ते बघा

साताऱ्याच्या एका अनुवादक ताईंनी विचारलं आहे: "रोज सहा-सात तास टायपिंग असतं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट वापरते, इंग्रजीसाठी नेहमीचा क्वर्टी. वर्षभरापासून उजवी करंगळी आणि मनगटाची बाहेरची बाजू दुखते. ड्वोरॅक किंवा कोलेमॅक शिकावा आणि त्यासाठी एक चांगला मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा असं मनात आहे. दहा हजारांपर्यंत खर्च करू शकते. कोणता घेऊ?"

ताई, पैसे काढण्याआधी एक प्रश्न मी विचारतो. त्या सहा-सात तासांत मराठी किती आणि इंग्रजी किती? तुम्ही इंग्रजीतून मराठीत अनुवाद करता, म्हणजे वाचता इंग्रजी आणि बोटं चालतात मराठीत. ड्वोरॅक आणि कोलेमॅक हे दोन्ही इंग्रजी अक्षरांचे लेआउट, म्हणजे कळांवर अक्षरं मांडण्याच्या पद्धती, आहेत. ते शिकलात तर ईमेल लिहिताना आणि गुगलवर शोधताना हात सुखावेल. अनुवादाच्या पानांवर मात्र काहीच बदलणार नाही, कारण तिथे इनस्क्रिप्ट हा मराठीचा लेआउट आहे तसाच राहणार. दुखणं मराठीच्या टायपिंगमधून आलेलं दिसतंय आणि उपाय इंग्रजीत शोधला जातोय.

मी सांगलीत तीस वर्षं टायपिंग शिकवतो आणि डीटीपीची कामं करतो. माझा हात मराठी टाइपरायटरवर तयार झाला. पुढे श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर पत्रिका, अहवाल, दिवाळी अंक केले आणि युनिकोड आल्यावर इनस्क्रिप्टवर आलो. म्हणजे मराठीचाच लेआउट मला मधल्या वयात बदलावा लागला. त्यामुळे नवा लेआउट शिकण्याची किंमत काय असते ते मला चांगलं माहीत आहे. मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कळेखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच असलेला, गेली दहाएक वर्षं वापरतो आणि दुरुस्तही करतो.

तर आधी करंगळी. इनस्क्रिप्टमध्ये उजव्या करंगळीच्या वाट्याला काय काय येतं ते एकदा कीबोर्डवर हात ठेवून बघा. ज तिच्याकडे, ड तिच्याकडे, च आणि ट तिच्याकडे, य तिच्याकडे. ऋकार आणि 'ऑफिस'मधल्या ऑसाठी अगदी टोकाला जायचं तेही तिनंच. वर एंटर, बॅकस्पेस आणि उजवी शिफ्ट. मराठीत च आणि य किती येतात ते मी सांगायला नको. त्यातच शिफ्ट. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ण, श, ष, ळ हे सगळे शिफ्ट दाबून येतात. शब्दाच्या सुरुवातीचे अ, आ, इ, उ, ए, ओसुद्धा. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागते, मराठीत ती जवळजवळ प्रत्येक शब्दाला लागते. मनगटाच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं बहुतेकांना याच हालचालीतून येतं: करंगळी शिफ्टवर अडकलेली आणि बाकीचा पंजा तिच्यासकट तिरका वळलेला.

याचा अर्थ इनस्क्रिप्ट वाईट, असा काढू नका. क्वर्टीच्या तुलनेत तो स्वतःच एक विचारपूर्वक केलेला वेगळा लेआउट आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं 1986 मध्ये तो आणला, पुढे 1991 मध्ये भारतीय मानकात त्याला जागा मिळाली. काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, ही त्याची मूळ कल्पना. मराठीत व्यंजनामागून स्वरचिन्ह येतं, त्यामुळे हात आळीपाळीनं चालतात. 'सातारा' टाइप करून बघा: उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. 'कोरेगाव'ही शेवटच्या व पर्यंत असाच जातो. 'वाई' मात्र पूर्ण डाव्या हाताचं गाव, कारण व, म, न ही व्यंजनं डाव्या हाताकडे आहेत. शिवाय जिथे कानडीचा क तिथेच मराठीचा क. आमच्याकडे जत भागातली मुलं दोन्ही भाषांत काम करतात, त्यांना दुसरा लेआउट वेगळा शिकावा लागत नाही. हा लेआउट सोडू नका. त्याची दोन दुखरी ठिकाणं आहेत, शिफ्ट आणि उजवं टोक. कीबोर्ड निवडायचा तो या दोन ठिकाणांचा भार हलका होईल असा.

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलं की कारागीर आधी विचारतात, गाणारं कोण आहे, बाईमाणूस की पुरुष, सूर कोणता. वाद्याचं माप त्यावरून ठरतं. कीबोर्डचंही तसंच करायला हवं. दुकानात आधी दिवे आणि रंग दाखवले जातात, म्हणून आपला हात काय लिहिणार आहे हे विचारायचं राहून जातं.

एक महिना काहीही विकत न घेता एवढं करा. विंडोजमध्ये 'स्टिकी कीज' नावाची सोय आहे. शिफ्ट पाच वेळा दाबली की ती चालू करायची का असं विचारते. ती चालू असली की शिफ्ट दाबून धरावी लागत नाही. एकदा टिचकी मारायची, सोडायची आणि मग अक्षर दाबायचं. 'भाषा' लिहिताना शिफ्ट सोडून मग भ, पुढे काना, पुन्हा शिफ्ट सोडून मग ष. पंजा तिरका होत नाही. लागोपाठ दोनदा दाबली तर शिफ्ट अडकून राहते, पहिले दोन दिवस तेवढं सांभाळायचं. दुसरं म्हणजे पॉवरटॉइज हे मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन घेऊन कॅप्स लॉकवर बॅकस्पेस बसवा. कॅप्स लॉक मराठीत आपल्या काही उपयोगाचा नाही. चुका खोडायचं काम उजव्या करंगळीकडून डाव्या करंगळीकडे जातं आणि तेही मधल्या ओळीत येतं. माझ्याकडे शिकलेल्या, दिवसभर टायपिंग करणाऱ्या बऱ्याच जणींचं दुखणं एवढ्यावरच निम्मं झालेलं मी बघितलंय. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या, कोपर आणि कळा एका पातळीत येऊ द्या. आणि वर्षभराचं दुखणं आहे, तर हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल तर महिनाभर थांबूही नका.

आता इंग्रजीचं. ड्वोरॅक 1936 चा आहे. त्यात स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत आणि नेहमी लागणारी व्यंजनं उजव्या हाताला. कोलेमॅक 2006 चा, त्यात क्वर्टीच्या फक्त 17 कळा हलवल्या आहेत. दोन्ही चांगले आहेत. तुमच्यासारख्यांना मी कोलेमॅक सांगतो, कारण झेड, एक्स, सी, व्ही जागच्या जागी राहतात. कॉपी-पेस्ट दिवसातून शंभर वेळा करणाऱ्या अनुवादकाला ही मोठी गोष्ट आहे. विंडोजमध्ये मराठी चालू असताना शॉर्टकट क्वर्टीच्या जागांवरूनच चालतात. म्हणजे ड्वोरॅक शिकलात तर इंग्रजीत एका जागी कॉपी आणि मराठीत दुसऱ्या जागी, असा रोजचा गोंधळ होईल. पण दिवसाला दोन तासांपेक्षा कमी इंग्रजी असेल तर हा खटाटोप करूच नका. पहिले काही आठवडे वेग अगदी खाली जातो. मला मिनिटाला चाळीस शब्दांपर्यंत परत यायला जवळपास दोन महिने लागले, तेही रोज पाऊण तास वेगळा सराव करून. एक दिलासा आहे: माझं इनस्क्रिप्ट त्यानं बिघडलं नाही. दोन लिपी डोक्यात वेगवेगळ्या खणांत राहतात. बिघडलं ते फक्त क्वर्टी.

रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगतो, कारण पुष्कळ जण तसंच लिहितात. ड्वोरॅक आणि कोलेमॅक इंग्रजी मजकूर समोर ठेवून केलेले आहेत. रोमन मराठीत सगळ्यात जास्त येतं ते ए हे अक्षर. 'सातारा' रोमनमध्ये लिहिताना निदान तीन वेळा, 'महाराष्ट्र' लिहिताना निदान चार वेळा. आणि ए तर क्वर्टी, ड्वोरॅक, कोलेमॅक या तिन्हींत डाव्या करंगळीखालीच आहे. त्यामुळे इंग्रजीत जेवढा फायदा जाणवतो तेवढा रोमन मराठीत जाणवत नाही. त्यांनी कीबोर्डवर खर्च करण्याआधी इनस्क्रिप्ट शिकावा, बोटांचे कष्ट तिथेच वाचतात.

समजा, तुम्ही कोलेमॅक घ्यायचं ठरवलंत. मग एक फार महत्त्वाची गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही. तो फक्त 'अमुक क्रमांकाची कळ दाबली' एवढंच कळवतो आणि त्याचं अक्षर कॉम्प्युटर ठरवतो. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये क्यूएमके नावाचं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतलंच सॉफ्टवेअर, असतं, आणि व्हाया या साधनातून कोणतीही कळ काहीही करता येते. लोक उत्साहानं कोलेमॅक त्या फर्मवेअरमध्येच बसवतात. इंग्रजी उत्तम चालतं. मग मराठी चालू करून 'सातारा' लिहायला जावं, तर पडद्यावर 'सिगिलि' उमटतं. कीबोर्डनं कळांचे क्रमांक आधीच बदलून पाठवलेले असतात आणि इनस्क्रिप्ट त्या बदललेल्या क्रमांकांवर बसतो. माझ्याकडे दोन मुलं हीच तक्रार घेऊन आली होती, नवा कीबोर्ड बिघडलाय म्हणून. बिघाड कुठेच नव्हता.

म्हणून दोन लिपींत लिहिणाऱ्यानं अक्षरांचा लेआउट कॉम्प्युटरमध्ये ठेवावा आणि फर्मवेअर क्वर्टीच राहू द्यावं. विंडोजच्या भाषांच्या यादीत इंग्रजीखाली कोलेमॅक आणि शेजारी मराठी ठेवा, विंडोज कळ आणि स्पेस दाबून इकडून तिकडे जा. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत कोलेमॅक वेगळा बसवावा लागतो. मॅक आणि लिनक्समध्ये तो आधीच असतो. फर्मवेअर वापरायचं ते शिफ्ट, बॅकस्पेस, एंटर यांच्या जागा बदलायला, कारण त्या बदलाचा फायदा दोन्ही भाषांना होतो. इतरांच्या कॉम्प्युटरवर जाऊन काम करावं लागत असेल आणि तिथे काही बसवायची परवानगी नसेल, तरच कोलेमॅक फर्मवेअरच्या वेगळ्या थरात, म्हणजे त्याच कळांना दिलेल्या दुसऱ्या कामांच्या संचात, ठेवा आणि तो थर चालू-बंद करायला एक कळ राखून ठेवा.

आता कळा किती, हा प्रश्न. यात मी स्वतः चुकलो आहे. लहान, दोन तुकड्यांचा, 42 कळांचा कीबोर्ड घेतला होता. हात दोन बाजूंना मोकळे राहतात आणि इंग्रजी त्यावर फार सुंदर होतं. पहिल्याच दिवशी एका खरेदीखताचा मसुदा टाइप करायला घेतला आणि 'कराड' शब्दाशी अडकलो. ड नव्हताच. इनस्क्रिप्टमधला ड पी च्या उजवीकडच्या चौकोनी कंसाच्या कळेवर असतो आणि त्या कीबोर्डवर ती कळच नव्हती. वरची आकड्यांची ओळही नव्हती. तिथे शिफ्टसह रकार, रफार, ज्ञ, त्र, क्ष, श्र असतात आणि त्याच ओळीच्या टोकाला ऋकार. हे सगळं दुसऱ्या थरात लपवून बघितलं, तीन आठवडे चिकाटीनं वापरलंही. पण ड, ढ आणि ऋकारासाठी दरवेळी आधी अंगठ्यानं थर बदलायचा, यात विचाराची तार तुटते. तो कीबोर्ड शेवटी एका प्रोग्रॅमर मुलाला दिला, त्याला तो छान मानवला.

त्यामुळे माझा ठाम सल्ला असा की मराठीसाठी आकड्यांची ओळ आणि उजवीकडचे दोन्ही कंस, तिरकी रेघ, अवतरण या कळा पूर्ण असलेलाच कीबोर्ड घ्या. बाजारात (पूर्ण कीबोर्डच्या मानानं) 65 टक्के आणि 75 टक्के म्हणतात त्या मापांत हे सगळं येतं. उजवीकडचा आकड्यांचा वेगळा गठ्ठा नसलेलाच बरा, कारण त्यामुळे माऊस लांब जातो आणि उजव्या खांद्यावर ताण येतो. हिशेबाचं काम असेल तर गठ्ठा वेगळा मिळतो, तो डाव्या हाताला ठेवा. उजवी ऑल्ट कळ आहे ना हेही बघा. विंडोजच्या मराठी लेआउटमध्ये ती आणि 4 मिळून ₹ येतं.

या मापांत तुम्हाला मी 'अ‍ॅलिस' आकार सुचवीन. एकाच चौकटीत दोन्ही हातांच्या कळा थोड्या तिरक्या बसवलेल्या असतात, त्यामुळे मनगट सरळ राहतं. आणि तुमच्या दृष्टीनं सोन्यासारखी गोष्ट म्हणजे त्यात स्पेसबार दोन असतात. उजव्या अंगठ्याचा स्पेस ठेवा आणि डाव्या अंगठ्याखाली शिफ्ट बसवा, एकदा टिचकी मारून सोडायची, तीच. भ, ध, श, ण, ळ सगळे अंगठ्याच्या जोरावर येऊ लागतात. अंगठा हे हातातलं सगळ्यात दणकट बोट, आणि नेहमीच्या कीबोर्डवर त्याला स्पेसशिवाय काही काम नाही. माझ्या स्वतःच्या हातासाठी आजवर केलेला सर्वांत मोठा बदल हाच. कीक्रॉनचा व्ही8 हा या आकाराचा 65 टक्क्यांचा कीबोर्ड आहे, क्यूएमके आणि व्हाया त्यावर चालतात. व्ही10 हा 75 टक्क्यांचा. त्या दिवशीची किंमत बघून ठरवा. अ‍ॅलिस बजेटबाहेर गेला तर त्याच मालिकेतला साधा 75 टक्क्यांचा व्ही1 घ्या आणि शिफ्टची टिचकी कॅप्स लॉकवर बसवा. पूर्ण दोन तुकड्यांचे घ्यायचेच असतील तर 58 कळांपेक्षा कमी नको, आणि कंसाच्या कळा त्यात कुठे सरकवल्या आहेत ते चित्रात आधी शोधा.

स्विचबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगतो. चेरी या स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या मापानं लाल स्विचला साधारण 45 ग्रॅम दाब लागतो आणि तो सरळ खाली जातो. तपकिरीला 55, मध्ये हलकासा खडा लागतो. निळ्याला 60, खडा लागतो आणि खट्ट आवाजही येतो. बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं खडखडणारा टीव्हीएस गोल्ड बघितला असेल, तोही मेकॅनिकलच. दणकट आहे, पण आवाज मोठा, अंग रुंद, आणि कळांची कामं त्या कीबोर्डमध्येच बदलता येत नाहीत. तुम्ही घरी, कदाचित रात्री काम करता, तर तपकिरी किंवा त्याच जातीचा दुसरा खडा लागणारा स्विच घ्या. अशा स्विचची कळ एकूण 4 मिलिमीटर खाली जाते, पण अर्ध्यावर, 2 मिलिमीटरलाच, अक्षर उमटतं. खडा लागला की बोट उचलायला शिका. आमच्यासारख्या टाइपरायटरवाल्यांना तळाशी आदळायची सवय असते. ती मोडली तर सांध्यांना मोठा आराम पडतो.

कळांवरच्या टोप्या, म्हणजे कीकॅप. कोलेमॅक शिकणारे उत्साहानं टोप्या काढून नव्या क्रमानं लावतात. तसं करू नका. बहुतेक टोप्यांची उंची आणि उतार ओळीगणिक वेगळा असतो, वरच्या ओळीची टोपी मधल्या ओळीत बसवली की बोटाखाली खाचखळगे लागतात. एफ आणि जे वरची उंचवट्याची खूणही टोपीबरोबर भलतीकडे जाते. ती खूण तर्जनीची आहे, अक्षराची नव्हे. मराठीत तिथेच पहिली वेलांटी आणि र सापडतात. देवनागरीचे स्टिकरही नकोत. चार महिन्यांत कडा उचलतात आणि बोट अडखळतं. लेआउटचं चित्र छापून पडद्याखाली चिकटवा, दीड महिन्यानं ते आपोआप बघायचं राहतं. टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या असू द्या, एबीएसच्या लवकर चकचकीत होऊन निसरड्या होतात. रंग गडद घ्या. आमच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीला मी पांढऱ्या टोप्यांचा कीबोर्ड दिला होता. सहा महिन्यांत तो जो पिवळा झाला, तो साबणानं, सोड्यानं, कशानं निघाला नाही. घरात स्वयंपाकाचा हात अधूनमधून कीबोर्डवर पडणारच.

हॉट-स्वॅप हा शब्द जाहिरातीत असेल तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या. डाग न लावता, म्हणजे सोल्डरिंग न करता, स्विच उपटून नवा बसवता येतो, असा तो प्रकार. ऑगस्ट 2019 च्या महापुरात माझ्या दुकानात पाणी आलं तेव्हा दोन कीबोर्ड गाळात गेले. एकाचे स्विच डाग लावलेले होते, एकाचे खाचेतले. खाचेतल्याचे सगळे स्विच उपटले, पाटी स्वच्छ करून आठवडाभर वाळवली, नवे स्विच लावले. तो आजही चालतो. दुसरा फेकावा लागला. पूर सोडा, तुमच्याकडचा पावसाळाही काही कमी नाही, आणि दिवसभर चालणारा एखादा स्विच दोन-तीन वर्षांत डबल अक्षर द्यायला लागतोच. स्वस्त कीबोर्डात मात्र खाचा एकाच कंपनीच्या बारीक पायांच्या स्विचपुरत्या असतात, ते विचारून घ्या.

सांगली-साताऱ्याच्या दुकानांत बहुतेक गेमिंगचे, निळ्या स्विचचे, दिव्यांचे कीबोर्ड मिळतील. दोन-तीन हजारांत चांगले दिसतात, पण बहुतेकांत कळा बदलता येत नाहीत, आणि तुम्हाला तर तेच हवंय. ते हाताळून स्विचचा अंदाज घ्या, नाहीतर एक दिवस पुण्याला जा. ऑनलाइन घेतलात तर परत करायची मुदत किती ते आधी वाचा आणि कीबोर्ड आला की त्याच आठवड्यात खरं काम त्यावर करा. माझ्याकडे एक ओळ आहे, प्रत्येक नव्या कीबोर्डवर मी ती आधी लिहितो: "कराडच्या ज्ञानेश्वरानं कृष्णाकाठच्या दऱ्या ओलांडून ढेबेवाडीत ₹ 500 चा ऑर्डर फॉर्म भरला." त्यात ड, ढ, ज्ञ, ऋकार, ऱ्य, ऑ, रफार, ₹ सगळं येतं. ती ओळ थर न बदलता आणि मनगट न उचलता लिहिता आली, तर खोका फेकून द्यायला हरकत नाही.